कुचिंगला जाताय? मग एक रात्र लाँगहाउसमध्ये काढाच

मलेशियातल्या कुचिंगला मी दोनदा गेले. पहिल्या खेपेला अन्नाह राइस हे बिदायुह या स्थानिक मूळ रहिवाशांचं लाँगहाउसचं (एकाच लांब छपराखाली ओळीने घरं असलेलं) गाव दीड तासात उरकलं. भर दुपारी बाराला व्हॅन पोहोचली, सगळी कर्ती माणसं मळ्यात गेलेली, ओसरीवर दोन म्हाताऱ्या आणि एक झोपलेलं मांजर. फोटो काढले, परत व्हॅनमध्ये. हॉटेलवर आल्यावर वाटलं, हे तर कुणाच्या तरी घरी ते नसताना डोकावून येणं झालं. दुसऱ्या खेपेला आईला घेऊन गेले आणि तिथे मुक्कामच केला. खाली लिहिलंय ते मुख्यतः या दुसऱ्या खेपेवरून: चार दिवस, तीन रात्री, त्यातल्या दोन शहरात आणि एक गावात.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. मलेशियाचे दोन तुकडे आहेत. क्वालालंपूर आहे तो एक, आणि समुद्रापलीकडे बोर्निओ बेटावर सारावाक आणि साबाह ही राज्यं, हा दुसरा. कुचिंग ही सारावाकची राजधानी, सारावाक नदीच्या दोन्ही काठांवर वसलेली. १८४१ मध्ये जेम्स ब्रुक नावाचा इंग्रज इथला राजा झाला आणि पुढची शंभर वर्षं त्याच्याच घराण्याने हे राज्य चालवलं. कंपनी नाही, व्हाइसरॉय नाही, चक्क एका कुटुंबाचं राज्य! १९४१ मध्ये जपानी आले, १९४६ मध्ये ब्रुकांनी राज्य ब्रिटिश सरकारच्या हवाली केलं आणि १९६३ मध्ये सारावाक मलेशियात सामील झालं. एवढा इतिहास डोक्यात असला की नदीकाठच्या इमारती आपोआप उलगडतात.

तिकीट काढण्याआधी

भारतीय पासपोर्टवर मलेशियात १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे, सध्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली, म्हणून तिकिटाआधी ताजी स्थिती तपासा. व्हिसा नसला तरी मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर त्या दलालांच्या समजा.

मुंबईहून क्वालालंपूर साधारण पाच तास, तिथून कुचिंग दोन तासांच्या आत. सिंगापूरहूनही थेट विमानं आहेत, पण तिकिटं वेगवेगळी काढली आणि सामान घ्यायला बाहेर पडावं लागलं तर सिंगापूरच्या व्हिसाचा प्रश्न येतो. दोन-तीन हजार वाचवायला हा ताप घेऊ नका. आणखी एक गंमत: सारावाकचं इमिग्रेशन स्वतंत्र आहे. क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानाने आलात तरी कुचिंगला पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो. खुद्द मलेशियाच्या पश्चिम भागातल्या लोकांनाही इथे ओळखपत्र दाखवावं लागतं. तेव्हा पासपोर्ट चेक-इन बॅगेत टाकू नका.

महिना कोणता? नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथला खरा पावसाळा. बाकी वर्षभरही पाऊस येतोच, पण कोकणातल्या वळवासारखा: धो धो आणि तासाभरात मोकळा. मार्च ते सप्टेंबर चांगला. १ आणि २ जूनला गवाई हा दायाक लोकांचा (बिदायुह, इबान वगैरे मूळ समाजांचा) सुगीचा सण असतो. गाव तेव्हा रंगात असतं, पण दुकानं बंद आणि खोल्या महिनोन्महिने आधीच भरलेल्या. ओळख नसेल तर पहिल्या भेटीला गवाई नको.

गावातली राहायची सोय निघायच्या दोन-तीन आठवडे आधी ठरवा. अन्नाह राइसमध्ये काही कुटुंबं होमस्टे चालवतात. निरोप पाठवताना चार गोष्टी विचारा: जेवण धरून दर किती, शहरातून नेण्या-आणण्याची सोय आहे का, झोपायला खोली की ओसरीवर मच्छरदाणी, आणि शौचालय कुठल्या प्रकारचं. चौथा प्रश्न विचारायला लाजू नका. आईचे गुडघे दुखतात, आणि मी पहिला प्रश्न हाच विचारला होता.

पहिला दिवस: नुसती नदी

विमानतळ शहरापासून बारा किलोमीटरवर आहे. ग्रॅब हे अ‍ॅप भारतातूनच फोनवर घेऊन ठेवा, टॅक्सीची घासाघीस वाचते. हॉटेल नदीकाठच्या मेन बाजार, कार्पेंटर स्ट्रीट किंवा पाडुंगानच्या पट्ट्यात घ्या, म्हणजे शहर सगळं पायी होतं. एक रिंगिट म्हणजे वीसहून थोडे जास्त रुपये धरून चाला आणि थोडी रोकड सुट्टी करून ठेवा. इथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. प्लग इंग्रजी पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. आपला गोल पिनांचा बसत नाही.

संध्याकाळी साडेपाचला नदीकाठी या आणि दुसरं काही करू नका. पलीकडे छत्रीच्या आकाराचं सोनेरी छप्पर दिसतं ते विधानसभेचं, २००९ मधलं. त्याच्या शेजारी झाडीत अस्ताना, १८७० मध्ये चार्ल्स ब्रुकने आपल्या नवपरिणीत पत्नीसाठी बांधलेला वाडा. आता तिथे राज्याचे गव्हर्नर राहतात, त्यामुळे तो बाहेरूनच पाहायचा. ‘अस्ताना’ म्हणजे मलय भाषेतला ‘इस्ताना’, आणि त्याच्या मुळाशी संस्कृत ‘आस्थान’. असे शब्द पुढेही भेटत राहतात: देसा म्हणजे गाव, बहासा म्हणजे भाषा. डोक्याला ‘केपाला’ म्हणतात, म्हणजे आपलं कपाळच. हा शब्द लक्षात ठेवा, तिसऱ्या दिवशी लागेल.

पाण्याजवळ मगरींच्या इशाऱ्याच्या पाट्या दिसतील. त्या शोभेच्या नाहीत. पाय बुडवून बसायचा मोह आवरा.

दुसरा दिवस: अलीकडचा काठ, पलीकडचा काठ

सकाळी लवकर उठा, कारण सारावाक लाक्सा ही न्याहारीची वस्तू आहे आणि चांगल्या ठिकाणी ती अकरा-साडेअकरापर्यंत संपते. तांदळाच्या शेवया, नारळाच्या दुधाचा लालसर रस्सा, कोळंबी, चिकनचे धागे, वर ऑम्लेटच्या पट्ट्या आणि छोटं लिंबू. लिंबू आधी पिळू नका. अर्धा वाडगा तसाच खा, मग पिळा. एका वाडग्यात दोन पदार्थ होतात.

खाण्याचं आत्ताच सांगून टाकते, कारण आपल्या लोकांची निम्मी काळजी तीच असते. मेन्यूवर ‘डागिंग’ लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा गोमांस असतं, ‘बाबी’ म्हणजे डुकराचं मांस, ‘आयाम’ म्हणजे कोंबडी, ‘उडांग’ म्हणजे कोळंबी. चिनी दुकानातल्या कोलो मीमध्ये (कोरड्या नूडल्समध्ये) डुकराची चरबी असते, मुस्लिम दुकानातल्या कोलो मीमध्ये गोमांस असू शकतं. शाकाहारी माणसाने ‘सायुर’ म्हणजे भाजी एवढंच सांगून भागत नाही, कारण भाजीतही बेलाचान पडतं, म्हणजे सुक्या आंबवलेल्या जवळ्याची वडी. ‘तक माउ बेलाचान’ (बेलाचान नको) हे वाक्य घोटून ठेवा. चिनी शाकाहारी जेवणाची दुकानं 素 या चिन्हावरून ओळखता येतात. आणि मिदिन ही जंगली नेच्याची कोवळी, कुरकुरीत भाजी लसूण घालून करायला सांगा. आईने ती सलग तीन दिवस खाल्ली. चहा मागताना ‘ते सी पेंग स्पेशल’ मागा: तळाला गुला आपोंग, मध्ये दूध, वर चहा, असे तीन थर आणि बर्फ. गुला आपोंग म्हणजे निपा नावाच्या खाडीकाठच्या माडाच्या रसाचा गूळ. ज्यांनी माडाचा गूळ चाखलाय त्यांना पहिल्या घोटातच ओळख पटेल.

न्याहारीनंतर कार्पेंटर स्ट्रीटवरून चालत सुटा. १८८४ च्या मोठ्या आगीत हा भाग जळला होता, आताची दुकानघरं त्यानंतरची. तिथून जालान इंडिया, म्हणजे इंडिया स्ट्रीट. तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांची ही जुनी पेठ. कापडाच्या दोन दुकानांच्या मधून एक अरुंद बोळ आत शिरतो, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल इतका. त्या बोळात जुनी भारतीय मशीद लपलेली आहे आणि बोळाच्या पलीकडच्या तोंडाला, गंबिर स्ट्रीटवर, मसाल्याची दुकानं. हळद, धणे, बडीशेप यांचा वास अंगावर आला तेव्हा आई म्हणाली, “अगो, ही तर आपली सावंतवाडीची बाजारपेठ.”

उन्हं चढली की बोर्निओ कल्चर्स म्युझियममध्ये शिरा. २०२२ मध्ये उघडलेलं हे पाच मजली संग्रहालय गावाला जाण्याआधीच पाहावं, हा माझा आग्रह आहे. इबान, बिदायुह, ओरांग उलू, मेलानाउ ही वेगवेगळी माणसं आहेत, त्यांची घरंही वेगळी, हे इथे कळतं. नाहीतर गावात गेल्यावर सगळंच ‘आदिवासी’ या एका पोत्यात भरलं जातं. दोन तास पुरतात. एसी कडक आहे, शाल ठेवा.

चारच्या सुमारास नदी ओलांडा. दोन मार्ग आहेत. दारुल हाना हा २०१७ मधला एस आकाराचा पादचारी पूल, आणि पेराहू तांबांग, म्हणजे छपराची लहान लाकडी होडी. जाताना होडी, येताना पूल. होडीला वेळापत्रक नाही, तिकीट नाही. धक्क्यावर उभं राहिलं की नावाडी येतो, चार माणसं जमली की निघतो, एकटे असाल तरी थोड्या वेळाने निघतोच. मी गेले तेव्हा भाडं एक रिंगिट होतं, उतरताना द्यायचं. छप्पर इतकं बुटकं की आत वाकूनच जावं लागतं. आईला मी आधी बसायला आणि मग सरकायला सांगितलं, उभ्याने चालू नका. पूल झाल्यापासून होड्यांचं गिऱ्हाईक कमी झालंय, नावाडी बहुतेक वयस्कर. त्यांना मुक्काम न सांगता “नुसतं वर-खाली फिरवा” म्हणूनही होडी ठरवता येते, फक्त भाडं आधी बोलून घ्या.

पलीकडे मलय वस्त्या आहेत, बोयान आणि गर्सिक. लाकडी घरं, कुंड्या, नारळ, आणि केक लापिसची दुकानं. हा थराथरांचा रंगीत केक एकेक पातळ थर ओतून, भाजून, पुन्हा ओतून करतात. कापल्यावर नक्षी दिसते. चव बघायला फोडी फुकट देतात, म्हणून घाईने पहिल्याच दुकानात घेऊ नका. त्याच काठावर फोर्ट मार्गेरिटा हा १८७९ मधला पांढरा किल्ला. आपल्याकडच्या किल्ल्यांची सवय असलेल्याला तो गढीएवढाच वाटेल, पण आत ब्रुक घराण्याचं प्रदर्शन आहे आणि वरून नदीचं वळण छान दिसतं.

तिसरा दिवस: ओरांगउटान, मग गाव

दोन्ही एकाच दिशेला आहेत, म्हणून एकाच गाडीत बसवा. सकाळी आठला शहरातून निघा. वीस-बावीस किलोमीटरवर सेमेंगो वन्यजीव केंद्र, १९७५ पासूनचं. सकाळी ९ ते १० आणि दुपारी ३ ते ४ या वेळात ओरांगउटानांना फळं ठेवतात. ते पिंजऱ्यात नाहीत, जंगलात मोकळे आहेत, त्यामुळे येतीलच असं नाही. जंगलात फळं पिकलेली असली तर ते फिरकतही नाहीत. आम्हाला एक मादी दिसली, पोराला पोटाशी धरून दोरावरून आली, नारळ घेतला, फांदीवर आपटून फोडला आणि पाठ करून बसली. फाटकापासून फळं ठेवायच्या जागेपर्यंत बरंच चालणं आहे. गुडघेदुखी असेल तर बग्गीची चौकशी आधीच करा.

तिथून पुढे गावापर्यंत साधारण तासभर. शहर ते अन्नाह राइस सुमारे ६० किलोमीटर, थेट बस नाही. ग्रॅब जाताना मिळेल, येताना मिळेल या भरवशावर राहू नका. पहिल्या खेपेला माझ्या ओळखीचं एक जोडपं असंच संध्याकाळी अडकलं होतं. होमस्टेवाल्यांची गाडी किंवा दिवसभराची ठरवलेली गाडी, हेच दोन पर्याय. रोकड शहरातूनच न्या.

लाँगहाउस म्हणजे काय ते आपल्या शब्दांत सांगते. चाळ डोळ्यांसमोर आणा, पण बांबूची आणि खांबांवर उचललेली. एका रांगेत दारं, प्रत्येक दारामागे एक कुटुंब. दारांपुढे सलग छपराची ओसरी, तिला ‘आवा’ म्हणतात. ओसरीच्या पुढे उघडा, उन्हातला बांबूचा मोठा मांडव, तो ‘तान्जू’. तान्जू म्हणजे आपलं खळं, फक्त जमिनीपासून पुरुषभर उंच. भात, मिरी, धुतलेले कपडे, सगळं तिथेच वाळतं. काही दारं आता विटांची आणि पत्र्याची झाली आहेत, डिश अँटेना आहेत, स्कूटर आहेत. यावर नाक मुरडणारे पर्यटक मी पाहिले आहेत. लोकांनी आपल्यासाठी शंभर वर्षं मागे राहावं अशी अपेक्षा का?

ज्यांना एवढा प्रवास नको, त्यांच्यासाठी समुद्राकडच्या दामाई भागात सारावाक कल्चरल व्हिलेज आहे: सात प्रकारची नमुन्याची घरं, नाचाचा कार्यक्रम. लहान मुलं असतील तर ते उत्तम आहे. पण ते नमुन्याचं गाव आहे, खरं नव्हे.

बांबूच्या जमिनीवर चालण्याची एक रीत आहे. फटी असतात, पाय टाकला की बांबू लवतो आणि करकरतो. खालचा आडवा वासा जिथे बांधलेला दिसतो, त्याच्यावरून चाला. पावसात तान्जू शेवाळतो, तिथे चप्पल घालून जाणं म्हणजे आपटणंच. घरात शिरताना पादत्राणं दाराबाहेर. बूट घालू नका, सारखे काढावे लागतात.

गावात एक वेगळी खोली आहे, बिदायुह लोक तिला सहसा ‘बारुक’ म्हणतात. तिथे जाळीच्या पिंजऱ्यात जुन्या कवट्या टांगलेल्या आहेत, ब्रुक राजवटीने नरमुंड शिकार बंद पाडण्याआधीच्या काळातल्या. केपाला, कपाळ! इथे मोठ्याने हसणं, सेल्फी काढणं टाळा. फोटो चालेल का ते सोबतच्या माणसाला विचारा. गावकरी या कवट्यांबद्दल भीतीने बोलत नाहीत, घरातल्या जुन्या जाणत्यांबद्दल बोलावं तसं बोलतात.

दुपारी तीननंतर दिवसभराच्या सहली परत फिरतात, आणि तेव्हा गाव सुरू होतं. माणसं मळ्यातून येतात, नदीवर अंघोळी होतात, ओसरीवर टोपल्या उतरतात. आमच्या यजमानीणबाईंना सगळे आंटीच म्हणत, आम्हीही. त्या तान्जूवर मिरी वाळत घालत होत्या. आई शेजारी जाऊन बसली, मूठभर मिरी हातात घेतली आणि देठं काढायला लागली. ना हिला मलय येत, ना त्यांना मराठी. थोड्या वेळाने आंटींनी तिच्यापुढे एक सूप सरकवलं. आईने पाखडून दाखवलं. आंटींनी ते हातातून घेऊन त्यांच्या पद्धतीने पाखडलं, मनगटाला जरा वेगळा झटका देऊन, आणि आई म्हणाली, “ह्यांचा बरोबर आसा गो, माझा कोंडा परत आतच पडता.” आमच्याकडे मिरीवेल सुपारीवर चढवतात, इथे उभ्या केलेल्या टणक लाकडी खांबांवर. काळी मिरी म्हणजे हिरवे दाणे तसेच वाळवलेले. पांढरी हवी तर पिकलेले दाणे पाण्यात भिजत घालून साल काढतात. हे सगळं आंटींच्या शाळकरी नातवाने इंग्रजीतून समजावलं, मोबाइलवरची मान न उचलता.

रात्रीचं जेवण: बांबूच्या नळीत निखाऱ्यावर शिजवलेली कोंबडी, भात, बांबूचे कोंब, मिदिन. शाकाहारी असाल तर होमस्टे ठरवतानाच सांगा, आणि पोहोचल्यावर पुन्हा सांगा. कोंबांची भाजी आईने वासत्यांची म्हणूनच खाल्ली (आमच्याकडे बांबूच्या कोंबांना वासते म्हणतात). तुआक ही घरची तांदळाची दारू समोर येते. नको असेल तर स्पष्ट पण हसून नको म्हणा, कुणी आग्रहाचा बाऊ करत नाही. घेणार असाल तर ती गोड लागते म्हणून फसू नका.

काही बारीकसारीक गोष्टी. भेट म्हणून सीलबंद चिक्की नेली होती, ती अर्ध्या तासात सगळ्या दारांतून फिरली. पोरांना पैसे देऊ नका. डास असतात, क्रीम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे न्या, टॉर्च न्या. आणि कुत्र्यांना हात लावू नका, कितीही गोड दिसली तरी. सारावाकमध्ये २०१७ पासून रेबीजची साथ आहे. कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरबाडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक इस्पितळ गाठायचं.

झोप? खरं सांगायचं तर मला फारशी लागली नाही. शेजारच्या दारात कुणी कूस बदलली तरी बांबू बोलतो. साडेचारला पहिला कोंबडा. आई मात्र गाढ झोपली होती.

चौथा दिवस: परत

सहाला उठून ओसरीवर बसा. धुकं असतं, चुली पेटतात, शाळेची मुलं गणवेशात खाली उतरतात. न्याहारीनंतर कुणी सोबत आलं तर नदीपर्यंत किंवा मिरीच्या मळ्यापर्यंत चालून या. जवळच गरम पाण्याचे झरे आहेत, पण सुट्टीच्या दिवशी गर्दी असते.

गाडी साडेदहाची सांगा. शहरात बाराच्या आसपास पोहोचता, आणि संध्याकाळच्या विमानापर्यंत जेवण व खरेदी आरामात होते. पावसाचे दिवस असतील तर दुपारचं विमान धरूच नका.

खरेदीत मिरी गावातूनच घ्या, पैसे थेट त्या घरात जातात. पण दाणे पूर्ण वाळलेले आहेत ना ते बघा: दाताखाली कडकन फुटला पाहिजे. आईने तसा एक फोडून बघितला, मान हलवली आणि आंटींकडून अर्धा किलो घेतली. केक लापिस शहरातून शेवटच्या दिवशी घ्या, बंद पाकिटातला, आणि हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनमध्ये टाकलेल्या माझ्या केकचे थर मुंबईत पोहोचेपर्यंत मोजता येत नव्हते.